चोविसावा दुवा

प्रयोगशाळेत त्याला सगळे काटेकोर म्हणत आणि त्याला ते आवडे. तिसऱ्या मजल्यावरच्या त्या खोलीत त्याने एकतीस वर्षं एकच काम केलं: वाळूच्या कणाएवढ्या दाण्यांवर रेणूंच्या साखळ्या वाढवायच्या. दुवा जोडायचा, धुवायचं, त्याच्या तोंडावरचं झाकण काढायचं, पुन्हा धुवायचं, पुढचा दुवा जोडायचा. साधं प्लास्टिक बनवताना एक साखळी लांब, दुसरी आखूड झाली तरी कुणाचं काही बिघडत नाही. इथे मात्र अब्जावधी साखळ्या एकाच लांबीच्या लागत, आणि दुव्यांचा क्रमही सगळ्यांत तोच.

म्हणून प्रत्येक दुव्यानंतर चिमूटभर दाणे काचेच्या नळीत घ्यायचे, थेंबभर रसायन टाकून तापवायचे. पिवळे राहिले तर जोड पक्का. निळे झाले तर काही टोकं मोकळी राहिली. मग तोच दुवा पुन्हा द्यायचा.

समोरच्या टेबलावर घाईबाई. हे नावही प्रयोगशाळेनंच ठेवलेलं. तिचे हात भराभर चालत, जीभ त्याहून.

"अरे, दाणे धुतोयस की बाळाला न्हाऊ घालतोयस?"

"तुझ्यासारखं उरकायला माझी कुठे गाडी सुटतेय?"

अशी बारा वर्षं गेली. दोघांची नोंदवहीही एकच होती.

चाळीस दुव्यांची ती साखळी त्यांनी वाटून घेतली होती. चोविसापर्यंत तो, पुढे ती. चोविसावा दुवा वेगळ्या जातीचा. ती जात साखळीत दोनदाच यायची, चोविसाव्या जागी आणि एकतिसाव्या. त्या दिवशी चार वाजता त्याने नळी उजेडात धरली. पिवळ्या दाण्यांत चार-पाच निळसर होते. पुन्हा जोडायचं म्हणजे तीन तास, आणि पाचला मुलीचं शाळेत नाटक. तिला झाडाचं काम होतं. संवाद एकही नव्हता. त्याने वहीत ‘पिवळा’ लिहिलं आणि नळी धुऊन टाकली.

तीन आठवड्यांनी तयार साखळ्यांचं वजन यंत्रावर तपासलं, तेव्हा शंभरातल्या सात साखळ्यांत एक दुवा कमी निघाला. मोकळी टोकं थांबली नव्हती. पंचविसावा दुवा पकडून पुढे वाढत गेली होती. एकोणचाळीसवाल्या साखळ्या चाळीसवाल्यांतून वेगळ्या काढणं कुणाला जमेना. सगळी मेहनत पाण्यात. प्रत्येक जातीच्या दुव्याचं वजन वेगळं, त्यामुळे कुठल्या जातीचा दुवा गळला ते कळलं. कोणत्या जागचा, ते सांगणारं यंत्र तिथे नव्हतं.

"चोवीस की एकतीस?" प्रमुख मॅडमनी वही उघडली. दोन्हीकडे ‘पिवळा’. त्यांनी मान वर केली ती थेट घाईबाईकडे. "घाई नडली तुमची."

"मी दोनदा तपासलंय, मॅडम," ती म्हणाली आणि काटेकोरकडे बघत राहिली. तो चष्मा पुसत होता.

तिला बाटल्या धुण्याच्या खोलीत पाठवलं. सहा महिन्यांनी तिने नोकरी सोडली. आज बोलू, उद्या बोलू करता करता त्याची अकरा वर्षं गेली आणि निवृत्तीचा दिवस आला. "यांच्या हातून एक दाणा कधी चुकला नाही," मॅडम म्हणाल्या. टाळ्या पडल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो चष्म्यांच्या दुकानात गेला. घाईबाई आता तिथे काम करत असे. ती एका फ्रेमचा बारीक स्क्रू पिळत होती.

"काटेकोर! नंबर वाढला वाटतं?"

"चूक चोविसाव्याची होती," तो म्हणाला. "मला निळं दिसलं होतं."

तिने स्क्रू पुरा बसवला. "माहीत आहे."

"मग बोलली का नाहीस?"

"माझं कोण ऐकणार होतं? तू बोलायला हवं होतंस. सहा महिने बाटल्या धुतल्या त्या कशासाठी? दार वाजलं की वाटायचं, आला."

मॅडमना आजच सांगतो, असं काहीसं तो पुटपुटला. तिने हातानेच नको म्हटलं.

"एवढी कसली घाई होती रे तुला त्या दिवशी?"

"मुलीचं नाटक होतं. झाड झाली होती ती."

"मग? कसं झालं?"

"पहिल्याच प्रवेशात होतं तिचं काम," तो म्हणाला. "मी पोचलो तोवर झाड आत गेलं होतं."