झोपलेल्या गिऱ्हाइकाला हात लावू नये

दुकानातल्या एकुलत्या एका नमुन्याच्या गादीवर भर दुपारी एक अनोळखी माणूस घोरत पडला होता, आणि ही करणी सर्वस्वी भाच्याची होती.

लहान दुकानदारांना माल कसा खपवावा हे शिकवणं हा भाच्याचा पोटापाण्याचा उद्योग. स्वतः त्याने आजवर साधी टाचणी विकलेली नव्हती. पण पोहायला शिकवणारे सगळेच कुठे पाण्यात उतरतात? 'माल विकू नका, अनुभव विका' हे त्याचं लाडकं वाक्य. आत्याच्या गाद्या-उशांच्या दुकानाला आपल्या विद्येचा हात लावायला तो सकाळीच हजर झाला होता. आल्या आल्या त्याने एक फळा पैदा केला, त्यावर खडूने झोकदार अक्षरांत 'या, आडवे व्हा, मगच घ्या!' असं लिहिलं आणि तो दारात टेकवून ठेवला. दुपारी एक पहारेकरी आला. बिचारा रात्रपाळी करून, वर कुणाची तरी सकाळपाळी भरून घरी निघाला होता. त्याने फळा वाचला, आज्ञाधारकपणे चपला काढल्या, आडवा झाला, आणि गेला. म्हणजे झोपी गेला.

आत्याच्या विक्रीची तऱ्हा याच्या अगदी उलट. तिच्या केसांत कापसाचे इतके पुंजके अडकलेले असत की पिकलेले केस कोणते आणि धंद्याचे कोणते, हे तिलाही सांगता आलं नसतं. गिऱ्हाईक आलं की भाव सांगायच्या आधी ती त्याची उलटतपासणी घेई. कुठल्या कुशीवर झोपता? घोरता का? बायको काय म्हणते? एकदा एक बाई मऊ गादी मागायला आल्या, तर हिने विचारलं, "जुनीला काय झालंय?"

"झोप लागत नाही हो तिच्यावर."

"धाकट्या जावेशी भांडण मिटलं का?"

"नाही."

"मग गादी राहू द्या. आधी ते मिटवा."

बाई रिकाम्या हाताने गेल्या. हे ऐकून भाच्याने कपाळावर हात मारून घेतला होता. "आत्या, अगं हातात आलेलं गिऱ्हाईक असं कुणी परत पाठवतं का?"

"मी नाही पाठवलं. तिच्या जावेने पाठवलं."

तर अशी ही आत्या, आणि आज तिच्याकडे लॉजचे मॅनेजर येणार होते. अख्ख्या लॉजच्या गाद्या-उशा नव्याने करायच्या होत्या. भाच्यानेच खटपट करून त्यांना यायला राजी केलं होतं. काम मिळालं तर दुकानामागची कापूस भरायची खोली राहणार होती. नाही मिळालं तर आत्येभाऊ ती एका मोबाइल दुरुस्तीवाल्याला भाड्याने देणार होता. "काम असेल तर खोली. नुसत्या भिंतींकडे बघत बसायला मला नको," असं आत्या म्हणाली होती खरी, पण कालपासून तिने ती खोली उगाचच पुन्हा पुन्हा झाडून काढली होती.

"आत्या, उठव त्याला. मॅनेजर येतील एवढ्यात," भाचा रडकुंडीला आला होता.

"तूच उठव."

भाचा गादीपाशी सरकला.

"हात लावशील तर बघ!"

"अगं, मग सांगितलंस कशाला?"

"कितपत गाढव आहेस ते बघत होते."

यामागे जुनी गोष्ट होती. हे दुकान आतोबांनी, म्हणजे आत्याच्या नवऱ्याने उभं केलेलं. त्यांच्या हाताच्या गादीवर निम्मी वस्ती ढाराढूर झोपायची आणि ते स्वतः मात्र आढ्याकडे बघत पडून राहायचे. जगाला झोप विकली, पण त्यांना कुठे उसनी मिळाली नाही. कधीमधी त्यांचा डोळा लागला, तर आत्या श्वाससुद्धा जपून घ्यायची. तेव्हापासून झोपलेलं माणूस म्हणजे तिच्या लेखी दुधाने काठोकाठ भरलेलं पातेलं. त्याला धक्का लावायचा नाही.

मॅनेजर आले. त्यांचा आवाज लॉजच्या तळमजल्यावरून गच्चीपर्यंत पोचणारा.

"काय हो बाई, गादी कुठाय?"

"श्श!" आत्याने बोट दाखवलं. "ह्यांच्याखाली."

मॅनेजर वरमले. घासाघीस करण्यात हा माणूस मोठा वस्ताद. पण घासाघीस म्हटली की आवाज चढवायला हवा, टेबलावर हात आपटायला हवा, तरातरा दारापर्यंत जाऊन परत यायला हवं. इथे सगळाच कारभार कुजबुजीचा. "एवढा भाव? लुटायला बसलात काय?" हे वाक्य कानाशी येऊन हळूच म्हटलं की ते भांडण वाटतच नाही, लाडीगोडी वाटते. उशांचा भाव आत्या म्हणेल तो ठरला.

"गादी निदान दाबून तरी बघतो," असं पुटपुटत त्यांनी वाकून एक कोपरा दाबला. पहारेकऱ्याने झोपेतच तो हात ओढून घेतला आणि गालाखाली ठेवून त्यावर पसंतीचा सुस्कारा सोडला. मॅनेजर धनुष्यासारखे वाकून उभे. भाचा डोळ्यांनीच माफी मागत होता. आत्या मात्र कौतुकाने म्हणाली, "कसं लहान लेकरासारखं झोपलंय बघा."

हात सुटला तेव्हा मॅनेजरांनी तो चोळत चोळत निकाल सांगितला. "उशा तुमच्याकडून. गाद्या मात्र समोरच्या शोरूममधून घेतो. बघितल्याशिवाय घेतल्या, तर मालक माझंच अंथरूण गुंडाळतील."

उशा काय, पुढच्या गाळ्यात बसूनही भरता येतात. खोली गेलीच म्हणायची.

उन्हं कलल्यावर पहारेकरी उठला. आत्याने त्याच्यापुढे चहा ठेवला. भाच्याने शेवटची आशा धरून विचारलं, "मग, देऊ का अशीच एक गादी शिवून?"

"नको हो, घरी आहे चांगली. पण घरी पोरं असतात ना." चपला सरकवता सरकवता त्याने पुढे विचारलं, "हा फळा रोज लावता का?"

तो गेल्यावर आत्या मागच्या खोलीत गेली. कापूस ठासायची काठी, सुयांचा डबा, खोळींचं गाठोडं असं एकेक आणून पुढच्या गाळ्यात लावत राहिली. शेवटी खोलीचा दिवा मालवला आणि उंबऱ्यात जरा जास्तच वेळ उभी राहिली. भाच्याला ते बघवेना.

"आत्या, नुसती एक हाक मारली असतीस तर खोली राहिली असती गं! का नाही उठवलंस त्याला?"

आत्याने सुईत दोरा ओवला, गाठ मारली आणि म्हणाली, "लोकांच्या झोपा मोडायच्या असत्या तर मी गजराची घड्याळं विकली असती."