तौर सरांची फाईल

तौर सरांचा स्क्रीनवर भरवसा नव्हता. डेटाबेसला काहीही विचारायचं असलं की आधी कमांड देऊन उत्तर फाईलीत वळवायचे, मग ती फाईल उघडून ओळ न् ओळ वाचायचे. "स्क्रीनवरचं सरकून जातंय, फाईलीतलं बराबर राह्यतंय," हे मला दिवसातून दोनदा तरी ऐकवायचे.

वाचून झाल्यावर उत्तरं पुन्हा स्क्रीनवर वळवायला मात्र हमखास विसरायचे. जालन्याच्या त्या बियाणे कंपनीत आम्हा दोघांत एकच कॉम्प्युटर. ते उठले की मी बसायचे, डेटाबेसला विचारायचा प्रश्न, म्हणजे क्वेरी, टाइप करायचे आणि समोर काहीच उमटायचं नाही. उत्तरं निमूट त्यांच्या फाईलीत जाऊन पडायची. उठताना ते बंद करत जा, असं सांगून सांगून मी थकले. ते नुसते मान हलवायचे.

पेरणीच्या तोंडावर एका सकाळी गोदामातून फोन आला. हसनाबादची गाडी भरायची होती. सोयाबीनचे कोणते लॉट उगवण चाचणीत नापास झालेत, ते हवं होतं. सर प्रयोगशाळेत गेले होते. मी क्वेरी दिली. स्क्रीन कोरी. पुन्हा दिली, तरी कोरीच. नापास काही नाही असं समजून मी गाडी सोडायला सांगितली.

दुपारी सरांनी त्यांची फाईल उघडली. तीत नापास लॉटची यादी होती, दोनदा आलेली. त्यांनी लगेच हसनाबादच्या दुकानदाराला फोन करून विक्री थांबवली आणि जीप घेऊन स्वतः गेले. तीन पिशव्या विकल्या गेल्या होत्या. त्या शेतकऱ्यांची घरं शोधून, पेरणीआधी बदलून देऊनच ते परतले.

दुसऱ्या दिवशी मॅनेजरांनी दोघांना बोलावलं. मी तोंड उघडायच्या आत सर म्हणाले, "चूक माझी हाय. फाईल मी चालू सोडली व्हती. मॅडमचा काही दोष न्हाई."

कोरी स्क्रीन म्हणजे सरांची फाईल चालू, हे मला पक्कं माहीत होतं. रोज त्यावरूनच तर मी चिडत होते. त्या सकाळी घाईत मी ते तपासलं नाही. हे तिथे सांगायला हवं होतं. मी सांगितलं नाही.

आठवड्याभरात सरांना अंबडच्या गोदामात पाठवलं. ते निघताना मी त्यांना गाठून सगळं कबूल केलं.

"मला ठाऊक व्हतं," पिशवी उचलत ते म्हणाले. "मंग? तुम्ही काम करून राह्यलात ना, करा."

रागावले असते तर मी सुटले असते. ते रागावले नाहीत, याचाच मला अजून राग येतो.