या, जेवायला या

आपल्यापुढे ताट असलं आणि दारावरून कुणी जाताना दिसलं, की ‘या, जेवायला या’ म्हणायचं. आमच्या केप कोस्टला हे पोराला पाय फुटायच्या आधी शिकवतात. जाणाऱ्याने काय म्हणायचं तेही ठरलेलं असतं: ‘माझा हात ताटात आहेच, चालू द्या.’ तो आपल्या वाटेने जातो, आपण आपलं जेवतो, ताटातला मासा जागचा हलत नाही. घानामधून बोट्स्वानात येताना मी बॅगा भरभरून सामान आणलं, सुकी मासळी आणली, मिरचीच्या बरण्या आणल्या, आणि त्यांच्याबरोबर हे ‘या’ पण आणलं. घोटाळा झाला तो त्यानेच.

माझा नवरा एबो तिथल्या शोशोंग गावच्या शाळेत भौतिकशास्त्र शिकवायला लागला होता. शाळेने पत्र्याचं घर दिलं, भोवती तारेचं कुंपण, अंगणात एक काटेरी झाड. अराबा तेव्हा पहिलीत. एबो सकाळी शाळेत जायचा, अराबा जायची, आणि मी राहायची. मी कोण? केप कोस्टच्या बाजारात कापडाचं दुकान चालवणारी बाई. दिवसभर गिऱ्हाइकांशी भांडल्याशिवाय मला जेवण जात नसे. इथे भांडायला कोण? सकाळी गाईच्या गळ्यातली घंटा वाजायची, संध्याकाळी पुन्हा तीच घंटा. मध्ये नुसतं ऊन. लोक वाईट नव्हते, रस्त्यात भेटले की थांबून नीट ‘दुमेला म्मा’, म्हणजे ‘नमस्कार बाई’ म्हणायचे. पण म्हणायचे हळू आवाजात, आणि पुढे जायचे. मला वाटायचं, या गावाला कुणीतरी ‘हळू बोला, पेशंट झोपलाय’ असं सांगून ठेवलंय.

आमच्या फाटकासमोर म्मातीरो राहायची. थोरल्या मुलाचं नाव तीरो, म्हणून ती म्मातीरो. इथे बाईला पोराच्या नावाने ओळखतात, त्यामुळे मीही आठवड्याभरात म्माअराबा झाले. ती शाळेचे गणवेश शिवायची. अंगाने थोराड, डोक्याला घट्ट फडकं, उन्हात काळी छत्री, आणि तोंडात टाचण्या. टाचण्या काढून बोलायची तिला सवयच नव्हती. सगळं गाव तिचं बोलणं टाचण्यांच्या फटीतून ऐकायला शिकलं होतं. नवरा जोहान्सबर्गच्या खाणीत गेला तो तिकडचाच झाला. कुणी त्याचा विषय काढला तर म्हणायची, “माप आहे माझ्याकडे त्याचं. आला तर पँट शिवून देईन.” एवढं बोलून मशीन चालवायला लागायची.

एके दिवशी आम्ही ओट्यावर जेवत होतो. ती छत्री घेऊन समोरून चालली होती. एबोने हात वर केला आणि बोलून गेला, “या म्मा, जेवायला या!”

म्मातीरो थांबली. आमच्याकडे नीट बघितलं. छत्री मिटली, फाटक उघडलं, टाचण्या काढून पदकासारख्या छातीवर टोचल्या, नळावर हात धुतले आणि चटईवर बसली.

“आले,” म्हणाली.

एबो माझ्याकडे बघायला लागला. मी माशाकडे. त्या दिवशी मासा एवढासा होता आणि त्याचे तीन तुकडे मी मनातल्या मनात कधीच वाटून टाकले होते. माझा तुकडा मी तिला दिला. शेंगदाण्याचं कालवण आणि मक्याच्या आंबवलेल्या पिठाचा गोळा दिला. ती सावकाश जेवली, सगळं संपवलं. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते फडक्याच्या टोकाने पुसत होती. मला वाटलं, बाईला सर्दी आहे.

“ही घरी कधी जाणार?” अराबाने आमच्या फांटे भाषेत विचारलं.

“गप बस आणि जेव,” मी म्हणाले.

दुसऱ्या दिवशी ती पुन्हा समोरून गेली. आता तोंड बंद कसं ठेवणार? आईने शिकवलेलं असतं. “या जेवायला,” मी म्हणाले, आणि म्हणता म्हणता जीभ चावली.

“आले,” म्मातीरो म्हणाली.

मग हे चालूच राहिलं. एबोला मी म्हटलं, “ही बाई घरी चूलच पेटवत नाही वाटतं.” एबो म्हणाला, “बोलावतेस कशाला मग?” मी म्हटलं, “सुरुवात कुणी केली?” शेवटी आम्ही ऑक्टोबरच्या उकाड्यात दार लावून आत जेवायला लागलो. पत्र्याच्या घरात, घामाघूम, चोरासारखे. तर दारावर आवाज, “को को!”

इथे दार वाजवत नाहीत, तोंडाने ‘को को’ म्हणतात. दार उघडलं तर म्मातीरो.

“बाहेर दिसला नाहीत. बरं आहे ना सगळ्यांचं?”

“बरं आहे,” मी म्हणाले. तिची नजर ताटांकडे गेली. आता काय करणार? “या जेवायला,” मी म्हटलं. मान खाली घालून ती क्षणभर तशीच उभी राहिली. मग नळाकडे गेली.

त्याच सुमारास मी ठरवलं की आपण जायचं. हे रागाच्या भरात ठरवलं नव्हतं. सुट्ट्यांनी मला हरवलं होतं. सप्टेंबरच्या अखेरीला स्वातंत्र्यदिनाची सुट्टी आली, गाव रिकामं झालं, आणि आम्ही तिघं बसने महालाप्येला जाऊन स्टेशनासमोर चिप्स खाऊन परत आलो. येताना अराबा म्हणाली, “आई, आपल्याला जायला कुणाचं घर का नाही?” पोरीचा प्रश्न साधा होता. मी तिला खिडकीतून गाई दाखवल्या. जानेवारीत एबोला नव्या करारावर सही करायची होती. मी सांगून टाकलं, “तू कर सही. मी आणि अराबा नाताळ झाला की केप कोस्टला जातो. तू पैसे पाठव, सुट्टीला ये.”

“म्हणजे म्मातीरोच्या नवऱ्यासारखं,” एबो म्हणाला. तो सहसा टोमणा मारत नाही.

डिसेंबरात शाळा बंद झाली. मास्तरांच्या सगळ्या घरांना कुलुपं लागली. इथे प्रत्येकाला गावात घर असतं, शेतावर घर असतं, गुरांकडे आणखी एक झोपडी असते. नाताळात लोक शेतावर जातात, कारण पेरणीही तेव्हाच असते. मी बॅगा काढून कपड्यांच्या घड्या घालायला घेतल्या. तेवढ्यात फाटकाशी पिकअप थांबली.

“को को! पांघरुणं घ्या,” म्मातीरो म्हणाली. पाठीमागे पोती, शिवणयंत्र, दोन कोंबड्या आणि तिचा भाचा.

“कुठे?”

“शेतावर. मी गेल्यावर तुमच्याबरोबर जेवायला कोण बसणार?”

मला हसू आलं आणि रागही आला. पण अराबा तोवर कोंबड्यांशेजारी चढून बसली होती.

शेतावर मातीच्या गोल खोल्या होत्या, मोरुलाचं मोठं झाड होतं आणि तिचं सगळं गणगोत जमलेलं होतं. पोचलो त्या दुपारी मोठं चहापाणी झालं, ओळखी झाल्या. दुसऱ्या दिवशी बाप्या माणसं शेतात गेली. एबोही गेला, आणि बैलांनी त्याला त्यांच्या मर्जीने नेलं. अराबा पोरांच्या घोळक्यात दिसेनाशी झाली. मी बायकांबरोबर भोपळे चिरले, लाकडं आणली. दुपार झाली. एबो झाडाखाली पुरुषांच्या परातीतून जेवत होता. अराबा पोरांच्या टोपात हात घालून भाजलेल्या अळ्या खात होती, ते मी न बघितल्यासारखं केलं. चुलीभोवती बायका आपापलं वाढून घेऊन जेवायला बसल्या.

मी पलीकडे चटईवर बसून राहिले.

कुणी ‘ये’ म्हणेना. म्मातीरोने लोखंडी हंडीतून वाढून घेतलं, बहिणीच्या ताटातला मांसाचा तुकडा उचलून स्वतःच्या तोंडात टाकला, आणि जेवायला लागली. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. माझ्या पोटात कावळे ओरडत होते आणि डोक्यात त्याहून मोठा आवाज चालला होता. या बाईला मी महिनोन् महिने वाढलं. माझा मासा हिने खाल्ला. आणि हिच्या तोंडून साधं तोंडदेखलं ‘ये’ निघत नाही! बघितलंस एबो, मी मनात म्हटलं, हे आहे तुझं गाव. उद्या सकाळी पिकअप मिळाली तर उद्याच निघायचं.

बायकांचं जेवण निम्मं झालं तेव्हा म्मातीरोची बहीण बोंत्ले म्हणाली, “ती बघ, तुझी पाहुणी तोंड फुगवून बसलीये. जेवत का नाही?”

म्मातीरोने मान वळवली. “काय गं, म्माअराबा? भूक नाही?”

आणि माझं तोंड सुटलं. दुकानातलं तोंड, इतके दिवस बंद होतं ते. “भूक नसायला काय झालं? तू एकदा तरी म्हणालीस का, ये जेवायला? मी तुला रोज बोलावलं! रोज! दार लावून बसले तरी बोलावलं!”

बोंत्ले एवढ्या मोठ्याने हसायला लागली की तिला ताट खाली ठेवावं लागलं.

“म्हणजे ती आगवाली हीच!” ती म्हणाली. “अगं बाई, हिला काय झालं होतं माहीत आहे? तुझ्याकडून घरी आली की ही अख्खा गडवा आंबट दूध प्यायची. रोज! गावात आले की मी म्हणायचे, जातेस कशाला मरायला? पाण्यातला प्राणी आमच्या सात पिढ्यांत कुणी खाल्लेला नाही. आणि ही बया मासा खाऊन येते, वर मिरची!”

मी म्मातीरोकडे बघितलं. तिची सर्दी मला आठवली.

“मग येत का होतीस?” मी विचारलं.

“तू बोलवत होतीस ना,” ती म्हणाली. टाचण्या तोंडात नव्हत्या, त्यामुळे तिचं बोलणं पहिल्यांदाच स्वच्छ ऐकू आलं. “आमच्यात रस्त्यावरच्या माणसाला कुणी उगाच ताटावर बोलवत नाही. मी म्हटलं, नवी माणसं, ओळख ना पाळख, आणि जाणाऱ्याला हाका मारतायत. यांना एकतर वेड लागलंय, नाहीतर माणूस पाहिजे. तुझ्याकडे नीट बघितलं. वेडी वाटली नाहीस.”

ते बोलावणं नुसतं म्हणायचं होतं, हे तिला त्या क्षणी सांगणार कशी? आणि खरं सांगायचं तर ते नुसतं म्हणायचं होतं का, हे मलाही तेव्हा सांगता आलं नसतं.

“आणि आज मला का नाही बोलावलंस?” मी विचारलं. आवाज आता अगदी बारीक आला.

तिने हंडीच्या पलीकडे बोट दाखवलं. भिंतीच्या कट्ट्यावर एक ताट होतं, वर दुसरं ताट झाकलेलं. “मघापासून तिथे तुझं ताट आहे. घरच्या माणसाला कुणी जेवायला ये म्हणतं का?”

मी उठून ते ताट घेतलं. कुटलेलं मांस होतं, पालेभाजी होती, आणि आंबवलेल्या ज्वारीचा घट्ट गोळा. पहिला घास तोंडात घातला आणि तो आंबटपणा जिभेला लागला. आमच्या मक्याच्या गोळ्याचा, माझ्या आईच्या हातचा, अगदी तोच. माझ्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं.

“मिरची नाहीये त्यात,” बोंत्ले म्हणाली, आणि सगळ्या पुन्हा हसल्या. मीही हसले.

पेरणी संपेपर्यंत आम्ही शेतावर राहिलो. घरी आल्यावर मी बॅगा रिकाम्या केल्या आणि खाटेखाली सरकवल्या, तेव्हा एबोने करारावर सही केली. पुढे माझं कापडाचं दुकान झालं, तिच्या मशीनशेजारी. अराबाचं लग्न झालं त्या दिवशी तिचा पोशाख म्मातीरोने शिवला, तोंडात टाचण्या धरून, रडत. मला देवाने खूप दिलं. त्यातलं पहिलं दिलं ते त्या बाईच्या हाताने, आणि आम्ही तिघं एका घरात राहिलो ते तिच्यामुळे, हे मी रोज म्हणते.

शेतावरून परतलो त्या जानेवारीतल्या पहिल्या संध्याकाळी आम्ही ओट्यावर जेवायला बसलो. समोरून छत्री आली. एबोने सवयीने हात वर केला, तो मी खाली ओढला.

“काय झालं?” तो म्हणाला.

“तिला बोलवायचं नाही,” मी म्हटलं, आणि आत जाऊन बिनमिरचीचं, बिनमाशाचं एक ताट आणून झाकून ठेवलं.

म्मातीरो फाटकाशी थांबली. आम्ही काहीच बोललो नाही. तिने झाकलेलं ताट बघितलं, ‘को को’ न म्हणता फाटक उघडलं आणि हात धुवायला नळावर गेली.