आबांनी उचललेला दांडा

घोड्यावरून अडथळे ओलांडण्याच्या स्पर्धेत मी देशात पहिली आले आहे, तेही एकदा नव्हे. हे सांगताना मी लाजत नाही. लाजण्याचं काम आमच्या घरात आबांकडे होतं. आबा म्हणजे माझे वडील, नांदूरघाटाकडचे मेंढपाळ. ओझ्यासाठी पाळलेली एक घोडी आमच्याकडे होती आणि कुंपण दिसलं की तिला राहवत नसे. उडी मारून थेट लोकांच्या ज्वारीत! आबांनी तिच्या गळ्यात लोढणं अडकवलं. चालताना गुडघ्यांवर आपटणारा लाकडाचा ओंडका. आबांची पाठ वळली की मी तो सोडायची आणि पाठीवर बसून स्वतःच तिला कुंपणावर घालायची. गावात आम्हा दोघींची कीर्ती सारखीच होती.

फौजेतून निवृत्त झालेल्या एका घोडेस्वाराच्या शेतात आम्ही अशाच एकदा उतरलो. ते तक्रार करायला घरी आले आणि मला शिकवायला मागून गेले. अशा उड्यांच्या स्पर्धा असतात, बक्षिसं मिळतात, असं त्यांनी सांगितलं. आबांना ती थट्टा वाटली.

"उडी मारली म्हनून बक्षीस? आमी तर ह्याच्यापायी लई शिव्या खाल्ल्या."

मी शिकले, पडले, हात मोडून घेतला, पुन्हा बसले. सरावासाठी पुण्यात राहिले. नाव झालं, वर्तमानपत्रात फोटो आले. आबा मात्र बघायला कधी आले नाहीत. कपिलधारच्या देवळात जाऊन माझ्यासाठी हात जोडत, पण कुणी विचारलं तर 'पोरगी घोड्याच्या नोकरीला हाय' एवढंच सांगत. ते मला फार लागायचं. माझी त्यांना शरम वाटते, असं मी धरून चालले होते.

शेवटी एका वर्षी मी हट्टच धरला आणि ते अंतिम फेरी बघायला आले. आबांच्या देखत जिंकायचं, बाकी मला काही नको होतं.

माझी पाळी शेवटची होती. अडथळ्यांवरचे दांडे ज्याचे कमी पडतील तो जिंकणार, आणि तोवर पुढे असलेल्या स्वाराचे दोन पडले होते. माझा एक पडला असता तरी विजेतेपद माझंच होतं, आणि तो पडला. शेवटचे दोन अडथळे उरले असताना घोड्याचा मागचा पाय लागला. मी फिकीर केली नाही. वळण घेताना पाहते तो मैदानात धोतर आणि फेटा!

आपल्या जनावरानं कुणाच्या कुंपणाची काटी मोडली, तर शेतमालक ओरडायच्या आत ती उभी करून द्यायची, ही आबांची रीत. ते धावत आले होते आणि पडलेला दांडा उचलून जागेवर बसवत होते.

मी उरलेले दोन अडथळे स्वच्छ पार केले. पंच माझ्याकडे आले.

"हा माणूस तुमचा आहे का?"

नियम मला पाठ होता. स्वाराचा माणूस फेरी चालू असताना मदतीला आला, तर स्वार बाद. अनोळखी प्रेक्षक घुसला, तर स्वाराचा दोष नाही. पंच भला माणूस होता. मी 'नाही' म्हणावं म्हणून स्वतःच नकारार्थी मान हलवून वाट बघत होता. पलीकडे दोन रखवालदारांनी आबांचे दंड धरले होते आणि आबा त्यांना समजावत होते.

"पाडलं आमच्या जनावरानं, मग उभं तुमी कावून करायचं? आमी करतो की. पोरीला काई बोलू नका."

मी घोड्यावरून खाली उतरले.

"माझे वडील आहेत," मी म्हटलं, चांगलं मोठ्यानं.

मला बाद केलं.

परतताना मांजरसुंब्याच्या ढाब्यावर चहाला थांबलो. आबांनी चहा बशीत ओतला.

"माज्यापायी गेला का गं नंबर?"

खोटं बोलायचं मनात आलं, पण जमलं नाही. "हो," मी म्हटलं.

त्यांनी बशीतला चहा शांतपणे संपवला.

"मग फुडच्या बारीला पाडू नको. म्हंजी मला उटावं लागनार न्हाई."

म्हणजे ते पुन्हा येणार होते! मी भर ढाब्यावर, लोकांदेखत, रडले.

पुढच्या वर्षी अंतिम फेरीत आबा शेवटपर्यंत जागचे हलले नाहीत.