माझ्याच नावाचं सुतक

माणूस गेल्यावर लोक त्याच्याबद्दल काय बोलतात, हे त्या माणसाला कधी ऐकायला मिळत नाही. मला मिळालं. शाळेच्या खिडकीत बसून, फणसाचे गरे खात, मी माझ्याच दुखवट्याची बैठक पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकली. आणि खरं सांगतो, लोक बरं बोलत होते. त्यातलं निम्मं जरी आधी बोलले असते तर मी मुंबईला गेलोच नसतो.

आमची वाडी पोलादपूरच्या वर, डोंगराच्या खांद्यावर. मी मुंबईत लिफ्ट दुरुस्त करायचो. माघात माझा साखरपुडा झाला होता, खाली खोऱ्यातल्या गावच्या मुलीशी, आणि वैशाखातली तारीख धरलेली होती. मुलगी मला पसंत, मी मुलीला पसंत. फक्त तिच्या चुलत्याला मी पसंत नव्हतो. त्याच्या डोळ्यांत महाडच्या एमआयडीसीतला एक मुलगा भरला होता. पक्की नोकरी, मोटारसायकल, कंपनीची बस. त्यात लॉकडाऊन लागला आणि त्या मुलाला फिरायचा पास मिळाला. त्या दिवसांत पास असलेला मुलगा म्हणजे पंख असलेला मुलगा. इकडे मी मुंबईत, एका खोलीत आठ जण, पाळीपाळीने श्वास घेत होतो. तारीख जवळ येत चालली. शेवटी निघालो.

पनवेलपासून चार दिवस चाललो. आई म्हणते तीन, आणि तेही माणगावपर्यंत कांद्याच्या टेम्पोत बसून आलास. कांद्याचा टेम्पो होता हे खरं, पण मी त्यात बसलो नव्हतो, लपलो होतो. माणगावच्या पुढे मात्र माझे स्वतःचे पाय. दासगावला सावित्रीत पाय सोडले तेव्हा चर्र आवाज होऊन वाफ निघाली. दोन मासे उकडून वर आले, ते तिथेच खाल्ले.

गणपतीला आम्ही मुंबईवाले उतरलो की अख्खी वाडी बॅगा धरायला धावते. या वेळी वाडीच्या तोंडाशी आडवा बांबू, त्याच्या दोन्ही बाजूंना करवंदीच्या काट्या, आणि बांबूमागे तोंडाला तीन फेरे टॉवेल गुंडाळलेला एक पहारेकरी. हातात माझ्यापेक्षा लांब काठी.

"कोन हाय?"

"बाबा, मी."

"मी म्हंजे कोन?"

"तुमचा मुलगा."

"कुठना आलास?"

"मुंबैवरना. तुम्हीच तर फोनवर म्हणालात, निघून ये म्हणून."

"ता बाप म्हणून बोललो. आता मी डूटीवर हाय. मागं सर."

मागून आईचा आवाज आला, "अवो, पोराकडं बघा तरी! पाय कसे सुजलेत त्याचे."

"बघतोय ना," बाबा म्हणाले. "सहा हातांवरना बघतोय."

हसायला येतं आता, पण भीती खोटी नव्हती. तरणी माणसं सगळी मुंबईला, वाडीत राहिलेली म्हातारी. एखादा तापला तर डोलीत घालून डोंगर उतरवायला चार खांदे मिळाले नसते, आणि मिळाले असते तरी शिवायला कोणी धजलं नसतं.

मला कुठे ठेवायचं यावर सभा बसली. शासनाचा कागद आला होता, त्यात शब्द होता विलगीकरण. एकाने तो चष्मा न लावता वाचला, "विरघळीकरण."

"म्हंजे माझ्या पोराला विरघळवनार?" म्हणत आईने जो हंबरडा फोडला, तो खाली पोलादपूरच्या स्टँडवर ऐकू गेला.

आरोग्याचं काम बघणाऱ्या ताईंनी मग समजावलं. चौदा दिवस त्याला शिवायचं नाही, त्याने कोणाच्या घरात जायचं नाही, देवळात जायचं नाही, त्याचं ताट वेगळं, पाणी वेगळं. गावकीचे म्होरके आजोबा शांतपणे ऐकत होते. ते म्हणाले, "अगो, मग सरळ सांग ना, सुतक हाय म्हणून. दहाच्या जागी चौदा दिवसांचा."

ताई म्हणाल्या, "सुतक म्हणा नाहीतर काहीही म्हणा आजोबा, पण पाळा."

आणि पाळलं! इतर गावांत पोलीस आले, भांडणं झाली, लोक कौलांवरून उड्या मारून पळाले. आमच्या वाडीत एक माणूस हलला नाही. विलगीकरण मोडता येतं. सुतक मोडायची कोणाची छाती होते? आई शाळेसमोरच्या धोंड्यावर ताट ठेवायची, हाक मारून लांब जायची, मग मी उचलायचो. एकदा माझं खरकटं ताट आमच्याच कुत्र्याने चाटलं, तर त्यालाही चौदा दिवस शाळेच्या खांबाला बांधलं. ते माझ्याकडे असं बघायचं, जसं काही मीच त्याला ताट चाटायला लावून फसवलं.

अडचण एकच होती. फोनला रेंज फक्त देवळामागच्या कातळावर, आणि सुतकातल्या माणसाला देऊळ बंद. बाबांच्या फोनचं रिचार्ज संपलेलं, दुकानं कुलपात. आणि बाबांना तसंही सोयऱ्यांना कळवायचं नव्हतं. मुलगा मुंबईवरून आलाय हे कानावर गेलं तर लग्न मोडतील, ही त्यांची धास्ती. चौदा दिवस गपचूप काढायचे आणि पंधराव्या दिवशी अंघोळ घालून नवरदेव उभा करायचा, असा त्यांचा बेत होता.

बेत बुडवला बटाट्याने. आठवड्याला कांदे-बटाटे घेऊन एक टेम्पोवाला यायचा. तो बांबूपलीकडून आमच्या शेजारच्या काकीला म्हणाला, "काय गो मावशे, देवळाची घंटा नाय वाजली आज?"

"सुतक हाय."

"कोनाचा?"

"त्या लिफ्टवाल्याचा. मुंबैवरना आलाय, शाळेत ठेवलाय."

यातला एकेक शब्द खरा होता. टेम्पो डोंगर उतरला, आणि त्याबरोबर मीही लिफ्टमधून पडलो. पहिल्या गावात मी दुसऱ्या मजल्यावरून पडलो होतो. टेम्पो एकेक गाव उतरत होता आणि माझा मजला एकेकाने चढत होता. मुलीच्या गावी पोचेपर्यंत मी अठराव्यावरून पडून, वर लिफ्ट माझ्यावर पडली होती.

नवव्या दिवशी सकाळी ऊन चढायच्या आत दोघे जण पायवाटेने वर आले. मुलीचे वडील आणि तो चुलता. चुलत्याच्या हातात पिशवी, पिशवीतून साखरपुड्याच्या साडीचा काठ बाहेर. बांबूमागे डूटीवर होते बाबा. साडी बघून त्यांचा चेहरा पडला. लग्न मोडायला आले, त्यांनी ओळखलं. अपराधी मनाने ते "या, बसा" सुद्धा म्हणाले नाहीत. आता आमच्याकडे दुखवट्याला आलेल्या माणसाला या-बसा म्हणत नाहीत. त्यामुळे ते न म्हणणं बघून त्या दोघांची उरलीसुरली शंका फिटली. तिघे जण बांबूच्या अलीकडे-पलीकडे माना खाली घालून बसले. शाळा तिथून हाकेच्या आत. मी खिडकीत, मांडीवर गरे.

बऱ्याच वेळाने मुलीचे वडील म्हणाले, "ऐकला आम्ही. कधी झाला?"

बाबांना वाटलं, माझं येणं विचारतायत. "गेल्या आठवड्यात, बुधवारी. सकाळी."

"फार हाल झाले काय?"

"हाल म्हंजे? शेवटी शेवटी फरपटतच होता."

"आनि शेवटी काय बोलला?"

"भाकरी हाय काय, म्हणाला."

मुलीच्या वडिलांनी उपरण्याने डोळे पुसले. "दिलीत काय मग?"

"दिली की. चार खाल्ल्यान."

"तेवढा तरी समाधान. गुणी होता. बोलायचा जास्त, पण मनाचा साफ." इथे मला भरून आलं. "मग नेला कधी?"

"लगेच नेला. शाळेत."

"शाळेत?" चुलता ताठ झाला. "आनि अजून तिथंच?"

"चौदा दिवस ठेवायचा हाय. कागद हाय तसा."

"अवो पण आज नववा दिवस. या उन्हात. वास नाय येत?"

"येतो तर! आंघोळ कुठं करतोय तो."

माझ्या घशात गरा अडकला. असा ठसका लागला की खिडकीचे गज हलले. मी उठून उभा राहिलो. नऊ दिवसांची दाढी, डासांसाठी डोक्यापासून गुंडाळलेला पांढरा पंचा. त्या दिवसांत पळण्यासारख्या दोनच गोष्टी होत्या, भूत आणि खोकला, आणि चुलत्याला दोन्ही एकदम दिसल्या. पिशवी तिथेच टाकून तो निघाला. पहिलं वळण त्याने वाटेने घेतलंच नाही, हवेतून घेतलं. पायातली एक चप्पल आमच्याकडे राहिली, ती अजून आहे.

मुलीचे वडील मात्र बसले तिथेच राहिले. पळायला गुडघे तयार नव्हते.

"मामा, मी हाय. जिवंत!"

"कशावरना?"

"भूक लागलीय."

ते हसले, मग रडले, मग बाबांवर भडकले, मग पुन्हा हसले. पण हसून झाल्यावर त्यांनी उपरणं खांद्यावर नीट टाकलं. म्हणाले, "रविवारी एमआयडीसीतला मुलगा बघायला येतोय. भावाला शबूद दिलाय मी. तू गेलास असा समजून दिला, ता खरा. पण आता तू असलास तरी मुंबैवरना आलेला. भावकी काय म्हणेल? ही साडी परत द्यायला आणलेली." आणि त्यांनी पिशवीकडे बोट केलं.

मी बोटांवर दिवस मोजले. पाच दिवस बाहेर पडता येत नव्हतं, आणि रविवार तीन दिवसांवर होता.

बाबांनी काठीने पिशवी ओढली, तशी साडी घरंगळली आणि घडीतून वहीचा एक कागद पडला. तोवर धावत आलेल्या आईने तो दगडाला गुंडाळून माझ्याकडे फेकला. मुलीचं अक्षर. मी मोठ्याने वाचला:

"ते गेले असते तर आधी फोन करून कसा गेलो ते दोन तास सांगितलं असतं. फोन आला नाही, म्हणजे रेंज नाही. जिवंत असतील तर साडी माघारी पाठवा. रविवारी मला कोणाला चहा द्यायचा नाही."

  मग मुलीचे वडील सावकाश उठले, बाबांच्या काठीच्या टोकाने साडी उचलून पिशवीत घातली आणि पिशवी खांद्याला अडकवली. "तिची आई पन अशीच हाय," ते म्हणाले. "भावाला मी बघतो. तू चौदा दिवस पुरे कर. पण एक जरी शिंक आली ना रे, तर माझ्या हातात काय नाय."

ते पाच दिवस मला पनवेलपासूनच्या चालण्याहून लांब गेले. एक शिंक आली होती, अगदी नाकाच्या टोकाला. मी ती गिळली. अजूनही पावसाळ्यात ती आत कुठेतरी फिरते. ताई रोज लांबून ताप मोजायच्या, आणि नसलेल्या तापाची खबर बटाट्याच्या टेम्पोने खाली गेली. या वेळी मात्र त्यांनी टेम्पोवाल्याकडून वाक्य तीनदा घोकून घेतलं.

पंधराव्या दिवशी सकाळी बांबू वर झाला. मी घराकडे पळणार, तोच म्होरके आजोबा आडवे आले.

"डोकी कुठं केलीय अजून? सुतक फिटला म्हंजे डोकी करायची."

"आजोबा, मी मेलो नव्हतो!"

"ता मला काय सांगू नको. सुतक होता काय नाय?"

डोकी करायची म्हणजे मुंडण, आणि न्हाव्याचं दुकान बंद. बाबांनी बोकडाची लोकर कातरायची कातर आणली. आमच्याकडे लोकरीचे बोकड नाहीत, पण ती कातर बघून दुसरं काही सुचणार नाही तुम्हाला. वर गोमूत्र, त्यावर सॅनिटायझर, त्यावर हळद. असा चकचकीत होऊन मी दोन दिवसांनी खोऱ्यात उतरलो, मोजून पन्नास माणसांच्या परवानगीचा कागद घेऊन.

मुंडावळ्या डोक्यावर थांबेनात. बांधल्या की घसरून गळ्यात. शेवटी त्या मास्कच्या दोऱ्यांना बांधल्या. अंतरपाट खाली झाला, तर समोर तीच साडी. तिने माझ्या डोक्याकडे बघितलं, मास्कच्या वर तिचे डोळे बारीक झाले, आणि ती हळूच म्हणाली, "कोण गेलं हो तुमच्याकडे?"

"मीच," म्हटलं. "सांगतो. दोन तास लागतील."

चुलता लग्नाला आला होता. शेवटच्या रांगेत उभा होता, माझ्यापासून सहा हातांपेक्षा बराच लांब. मी शिंकलो नाही.

एमआयडीसीतल्या त्या मुलाचंही नंतर छान जमलं. पण सासुरवाडीला मी आजही गेलो की ओटीवरची एखादी म्हातारी डोळे बारीक करून विचारते, "ह्यो कोन गो?"

"आमचा जावय."

"कुठला? तो गेलेला?"

"हां, तोच."

"मग चहा दे त्याला," म्हातारी म्हणते, आणि बायको माझ्यासाठी चहा आणते.