करीमभाईंनी न धुतलेला दगड

फोन आला तेव्हा मी चष्मा शोधत होते आणि चष्मा डोक्यावरच होता. "मॅडम, मी शबाना, मूलहून. अब्बा गेले... शुक्रवारी." त्याला आता महिना झाला. करीमभाई सुतार. अर्धं आयुष्य मूल गावच्या धानगिरणीत काढून ते आमच्या कॅम्पवर आले आणि माझ्यासारख्या पदवीधर भूवैज्ञानिक बाईला दगड बघायला शिकवून गेले. त्यांच्याबद्दलची एक गोष्ट मी इतकी वर्षं गिळून बसले आहे. ती आज सांगते.

मूलजवळच्या जंगलात आम्ही तांब्यासाठी बोअर घेत होतो. बोअरमधून दगडाची लांब कांडी निघते, तिला आम्ही कोर म्हणतो. तिचे तुकडे ओळीनं ठेवायच्या पेट्या करीमभाई बनवत. एकदा त्यांनी विचारलं, दगडात तांबं आलं कुठून? मी नवी, तोंडात सगळं पुस्तक. म्हटलं, फार खोलवर दगड दाबला-तापला की त्याच्या अंगातलंच पाणी बाहेर पडतं, भेगाभेगांतून फिरतं, वाटेतल्या दगडांचं रूप पालटतं आणि सोबत आणलेलं तांबं, कोबाल्ट जागा मिळेल तिथे सोडून देतं. रंधा थांबवून ते हसले. "म्हणजे उकडा तांदूळच झाला न! धान उकडलं का कोंड्याचा रंग दाण्यात उतरते. इथी दगडच उकडून राह्यला." पुढे कित्येक विद्यार्थ्यांना मी हे उदाहरण माझंच म्हणून सांगितलं.

त्या वर्षी दसऱ्याला मशीनची पूजा झाली. दुसऱ्या दिवशी, पावसाळाभर शेडमध्ये पडलेली एक पेटी उघडली तर कोरवर गुलाबी थर! माझं डोकंच फिरलं. नमुन्यांवर गुलाल उधळता?

"मॅडम, पोरायनं हळद-कुंकूच वाह्यलं. गुलाल कोणी आणलाच नाई," करीमभाई म्हणाले. पण ऐकेन ती मी कसली. अख्खी पेटी घासून धुवायला लावली. माझा अहवाल तयारच होता : तांबं थोडं, कोबाल्ट नाही, काम बंद करावं.

संध्याकाळी ते दुपट्ट्यात काहीतरी गुंडाळून आले. "एक तुकडा नाई धुतला. अन् फोडला बी. रागवा मंग." परवानगीशिवाय कोर फोडणं आमच्याकडे मोठा गुन्हा. "पण सांगा, गुलाल भेगेच्या आत कसा शिरन?"

भेगेच्या आतही तोच गुलाबी रंग होता. कोबाल्टच्या खनिजाला दमट हवा लागली की असा थर धरतो, हे मी परीक्षेत लिहून आले होते...

अहवाल फाडला, नवा लिहिला, काम चालू राहिलं. पण बाकीच्या पेटीतला पुरावा धुऊन गेला होता, म्हणून मोठ्या साहेबांनी विचारलंच, पेटी धुतली कोणी? मी तोंड उघडायच्या आत करीमभाई म्हणाले, "म्याच धुतली, सायब." त्यांना कामावरून काढलं. मी गप्प राहिले. ते सायकलला हत्यारांची पिशवी बांधत होते तेव्हा कसंबसं विचारलं, असं का केलंत? "तुमची नवी नोकरी. माझा रंधा कुठीबी चालते." चाचणी होऊन उरलेला तो तुकडा मी त्यांना नेऊन दिला. नंतर दरवर्षी भेटत राहिलो, पण त्यांनी तो विषय कधीच काढला नाही. माझी पुढची सगळी नोकरी त्यांच्या त्या एका वाक्यावर उभी आहे.

गेल्या आठवड्यात मूलला गेले. शबानानं एक सागवानी डबी हातात दिली. आत तोच तुकडा होता, तसाच गुलाबी. झाकणाच्या आतून सुताराच्या जाड पेन्सिलीनं लिहिलं होतं, 'धुऊ नये'.

"एक विचारू, मॅडम? एवढा समजदार माणूस, अन् त्यायनं ते पेटी काऊन धुतली असन?"

घरीसुद्धा खरं सांगितलं नव्हतं त्यांनी.

"त्यांनी नाही, शबाना. मी धुवायला लावली होती."

तिनं डबी माझ्या हातातून घेतली. मग झाकण लावून तिनं ती पुन्हा माझ्या हातात ठेवली. "तुमच्यासाठीच बनवली होती अब्बानं," म्हणाली आणि चहा ठेवायला आत गेली.

डबी आता माझ्या टेबलावर असते. झाकणावरची धूळ पुसते. दगडाला पाणी लावत नाही.