फळ्यावरचं दुःखद निधन

खडू कानावर अडकवून कंडक्टरकाका दोन पावलं मागे सरकायचे, लिहून भरलेल्या फळ्याकडे डोळे बारीक करून पाहायचे आणि जाणाऱ्या-येणाऱ्याला हाक द्यायचे, "वाचा ना भाऊ, याले तिकीट नाई लागत!" उभा जन्म एसटीत गेला. रिटायर झाले तरी माणसांना पुढे सरकवायची खोड काही गेली नाही. तुमच्याही गावात असा एखादा असेलच.

फळा आमच्या विहारातल्या वाचनालयाबाहेरचा, मालेगावच्या रस्त्याला लागून. मी शाळेतला सर आणि वाचनालयाचा सचिव, म्हणजे किल्ली माझ्याकडे आणि बोलणीही मलाच. गावात कोणी वारलं की फळ्यावर 'दुःखद निधन', खाली नाव आणि वेळ. एरवी बातम्या. लिहायचे काकाच.

त्यांना वेड अमेरिकेचं. तिथल्या डॉलरचं नाही, तिथल्या काळ्या माणसांचं. तरुणपणी होस्टेलात त्यांच्या लढ्याच्या गोष्टी ऐकल्या होत्या. तिथल्या पोरांचं पाहून आपल्याकडेही दलित पोरं कशी उठली, हे काका अशा थाटात सांगत, जणू मधे समुद्र नाही, आमची काटेपूर्णा नदीच आहे.

एकदा तुरी सोंगायच्या दिवसांत त्यांनी लिहिलं, 'दुःखद निधन. लेकरांना शाळेआधी नाश्ता देणारा आपला एक तरुण भाऊ घरात झोपलेला असताना पोलिसांच्या गोळ्यांनी गेला. सर्वांनी चार वाजता विहारात जमावे.' गाव अमेरिकेतलं आणि गोष्ट पन्नास वर्षांपूर्वीची, एवढं लिहायला ते विसरले. निदान मला तरी विसरलो असंच म्हणाले.

चार वाजता खांद्यावर टॉवेल टाकून माणसं आली. बाया हातातले विळे ठेवून थेट वावरातून आल्या. एका म्हातारीने तर डोळ्यांना पदरही लावला होता.

"कोनाचा पोरगा वो?" तिने विचारलं.

"अमेरिकेतला हाय, माय," काका म्हणाले.

कुणाला हसावं की रडावं कळेना. मागून एक जण भडकला, "त्याच्या संघटनेच्या लोकायनं बंदुका घेतल्या होत्या, मी मोबाइलवर पाह्यलं. गुंडासाठी आमाले कामावरून बलावलं का?"

"बंदूक दिसली तुले," काका म्हणाले. "नाश्ता काहून नाई दिसला?"

वाद चांगलाच पेटला असता. म्हातारीच म्हणाली, "आता आलो त उभं राहू. कोन्या तरी मायचं लेकरूच होतं ना." आम्ही दोन मिनिटं उभे राहिलो. मी आधी मनातून वैतागलो होतो, पण खोटं कशाला सांगू, दोन मिनिटं झाल्यावर खाली बसणारा शेवटचा मीच होतो.

पुढे एकदा काकांनी लिहिलं, 'अमेरिकेत काळ्या माणसांच्या लढ्याची गोष्ट शाळेतून काढा म्हणणारे लोक वाढत आहेत.' आणि खाली, 'आपली गोष्ट कुठवर राहील?'

दोन दिवसांनी एक अनोळखी माणूस मोटरसायकल थांबवून फळ्याचा फोटो काढताना दिसला. मी कुलूप उघडत होतो.

"कोन लिहिते हे?" त्याने सहज विचारावं तसं विचारलं.

मी समोर काकांच्या घराच्या निळ्या दाराकडे बोट दाखवलं. तोंडाने नाव घ्यायचीही हिंमत झाली नाही, पण बोट मात्र लगेच उठलं. त्याची मला आजही लाज वाटते.

दुसऱ्या दिवशी फळ्यावर परक्या अक्षरात 'दुःखद निधन' एवढंच होतं. खाली जागा कोरी.

काका हसले. "नाव लिवायले काहून भेले?" म्हणाले. पण ओल्या फडक्याने पुसताना त्यांनी खालची कोरी जागाही दोनदा पुसली.

"काका, काही दिवस नुसते सुविचार लिहा," मी म्हणालो. त्या माणसाला त्यांचं दार मीच दाखवलं होतं, ते मात्र सांगितलं नाही.

"सर, मी सारी नोकरी बसमधी उभ्यानं केली. आता तुमी मले बस म्हनता?"

मग पंधरा-वीस दिवसांनी, सकाळी, शिरपूरच्या रस्त्याला त्यांची सायकल नालीत सापडली. काका थोडे पुढे पडले होते. गाडीचा धक्का लागला, असं म्हणतात. गाडी कोणीच पाहिली नाही.

फळ्यावर लिहायला कोणी पुढे येईना, म्हणून मीच खडू घेतला. ओळी वाकड्या गेल्या. 'दुःखद निधन', खाली काकांचं पूर्ण नाव आणि चारची वेळ. तेवढ्यात वावरात निघालेली तीच म्हातारी थांबली. तिला वाचता येत नाही, पण त्या दोन शब्दांचा आकार तिला ओळखू येतो.

"सर, हे इथलं हाय का तिकडचं?"

"इथलं," मी म्हणालो. तिने विळा तिथेच पायरीवर ठेवला आणि बसून राहिली.

मागे मोटरसायकल थांबली. तोच माणूस होता.

"आता कोन लिहिते हे?"

काकांच्या निळ्या दाराला बाहेरून कडी होती. खडू माझ्या हातात होता.

"मी," मी म्हणालो, आणि माझं पूर्ण नाव सांगितलं.

त्याने मोबाइल वर धरला. या वेळी फळ्याकडे नाही.